धारचा लिफाफा

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. भाजीवाल्याने मेथीची जुडी स्वतः उचलून हातात दिली की मी ती खाली ठेवते आणि दुसरी घेते. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहते, त्यावरून नवरा लग्नापासून चिडवतो आहे. चिडवू दे. माझं कामच तसं आहे. आमच्या धर्मादाय संस्थेचं मोठं हॉस्पिटल देवासला, लहान धारला. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीची रोज रात्री आपोआप नक्कल होते आणि ती देवासच्या एका पेटीत येऊन पडते, म्हणजे मूळ मशीन बिघडलंच तर पेटीतून सगळं परत काढता यावं. हाच तो बॅकअप, आणि ती पेटी माझ्या ताब्यात. बॅकअप सांभाळणाऱ्या बाईने संशयी नसायचं तर मग कोणी असायचं?

धारहून बॅकअप पाठवणारा माणूस एकच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. घराणं आमच्यासारखंच, कधीकाळी महाराष्ट्रातून आलेलं, संस्थानात दफ्तर सांभाळणारं. त्याच्या घरी अजून वन्सं, भावोजी असं चालतं, पण मराठी छापील मजकूर पुढे ठेवला की गडी अडखळतो, म्हणून मला निरोप हिंदीतच टाइप करून पाठवायचा. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला भिया, म्हणजे भाऊ. माळव्यात भिया रिक्षावाल्यालाही म्हणतात, तेव्हा त्यात फार जिव्हाळा शोधायला जाऊ नका.

त्याच्याकडे एक नोंदवही होती, कॉम्प्युटरमधलीच. कुक्षीकडच्या गावांमध्ये सिकल सेल नावाचा रक्ताचा आजार आईबापांकडून पोरांत उतरतो. धारच्या डॉक्टरबाई तिकडे कित्येक वर्षं शिबिरं घेताहेत. कोणत्या मुलाला आजार आहे, कोण नुसतं वाहक आहे, कोणाला कितीची गोळी चालू आहे, ती गोळी मागच्या महिन्यात मानवली की नाही, सगळं त्या नोंदवहीत. मुलं दर बुधवारी येतात, डॉक्टरबाई नोंद बघतात आणि गोळीची मात्रा ठरवतात. ती नोंदवही गेली तर शेकडो पोरांना पुन्हा सुया टोचायच्या आणि तोवर औषध अंदाजाने द्यायचं. एवढं सगळं त्या एका माणसाच्या बॅकअपवर होतं.

आता पेटीबद्दल सांगते, कारण भियाशी माझं भांडण तिच्यावरून झालं. ही साधी डिस्क नाही. लग्नपत्रिका छापतो तसं समजा. पाचशे पत्रिकांत मजकूर एकच, फरक फक्त पाकिटावरच्या नावाचा. आमची पेटी पत्रिका एकच ठेवून घेते आणि पाचशे पाकिटांवर खूण करते की आतली पत्रिका अमुक जागी पडली आहे. रोजच्या बॅकअपमध्ये कालच्यापेक्षा नवं असतं ते मूठभर. बाकीचं पेटी ओळखते आणि पुन्हा घेत नाही, म्हणून एवढ्याशा जागेत दोन्ही गावांचे तीस-तीस दिवसांचे बॅकअप मावतात. अट एकच, पेटीला आतलं दिसलं पाहिजे. माल कुलूपबंद आला तर तिला काही ओळखू येत नाही, आणि रोजचं सगळंच्या सगळं नवं समजून ती ठेवून घेते.

आणि जागा दोघांत सामाईक. देवासच्या माणसाला याचं कसलं नवल! संस्थानाच्या काळी एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या. आम्ही थोरल्या पातीकडचे. सामाईक वस्तूत दुसऱ्यावर नजर ठेवायची हे आमच्या रक्तातच आहे, असं मी ऑफिसात गमतीने म्हणायचे. म्हणायचे गमतीने, पण नजर खरोखर ठेवायचे.

सुरुवात थंडीत झाली. आमच्या स्टोअरच्या बाबूंनी चहा पिता पिता सांगितलं की धारचे भिया धामनोदच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतात, वरची कमाई. "दाल में काला है मैडम," असंही वर म्हणाले. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या ट्रान्सपोर्टवाल्याची बिलं आमच्या पेटीत तर येऊन पडत नाहीत? फोन उचलून सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारलं तर माणूस सावध होतो, असं माझं तत्त्व. मी धारचा एक बॅकअप पेटीतून काढला आणि सरावाच्या मशीनवर उघडला.

हे सरावाचं मशीन लॅबच्या शेजारच्या खोलीत असतं. नवीन लोकांना शिकायला ठेवलेलं, त्यामुळे त्यावर कोणीही बसतं, आणि पासवर्ड सगळ्यांना एकच. दिवसातून दहा वेळा लोक येऊन तो विचारत, माझं डोकं उठायचं, म्हणून मीच एका पिवळ्या कागदाच्या पट्टीवर पासवर्ड लिहून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवून टाकला होता. तर तिथे मी धारचा बॅकअप उघडला. ट्रकची बिलं कुठे दिसतात का पाहिलं. एकही नव्हतं. फक्त मुलं होती. नाव, बापाचं नाव, गाव, रक्ताचा अहवाल. खरं तर तिथेच थांबायचं. मी पुढचा तासभर वाचत बसले. कोणा दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर कपाटं उघडून बघावी तसं ते होतं, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही, कर्तव्य करते आहे असंच वाटलं. मग कोणीतरी हाक मारली आणि मी उठले. उघडलेली प्रत पुसायची राहिली. राहिली म्हणजे काय, पुढेमागे पुराव्याला उपयोगी पडेल म्हणून राहू दिली.

होळीनंतर पेटी भरायला लागली. एरवी ती निम्म्यावर असते. एका सकाळी पाहते तर साठ टक्के, पुढच्या आठवड्यात सत्तर. मी देवासच्या फायली उपसल्या, जुनं काय काय पुसलं, तरी आकडा हलेना. पेटीत पुसल्याने जागा लगेच सुटत नाही हे खरंच आहे, कारण एकच तुकडा कितीतरी जणांच्या कामात असतो, पण म्हणून काही जागा वाढत जात नाही. मग गावनिहाय पाहिलं. धार! धारचा रोजचा बॅकअप पेटी पूर्णच्या पूर्ण ठेवून घेत होती, एक कणही ओळखत नव्हती. म्हणजे भियाने कुलूप घालायला सुरुवात केली होती.

मी फोन लावला. म्हटलं, भिया, हे काय नवीन? तो म्हणाला, सुरक्षेसाठी. कोणापासून सुरक्षा, असं विचारलं तर म्हणाला, वैसे ही ताई, नियम तसा आहे. नियम तर कित्येक वर्षांपासून तसा होता, तेव्हा नाही सुचलं ते. मी त्याला पत्रिकेचं उदाहरण देऊन समजावलं, जागा संपते आहे म्हणून सांगितलं, शेवटी आवाजही चढवला. तो हो-हो करत राहिला आणि कुलूप काही काढलं नाही. लपवायला काही नाही तर माणूस कुलूप का लावतो? माझी खात्रीच झाली की आता त्यात ट्रकची बिलं आली आहेत. इथे नक्कीच पाणी मुरतंय, असं मी संस्थेच्या सचिवांना सांगितलं. त्यांना पेटी कळत नव्हती, पण संशय कळत होता, त्यामुळे ते माझ्या बाजूचे झाले.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. महत्त्वाचा कोणताही पासवर्ड किंवा किल्ली कागदावर लिहायची, लिफाफा चिकटवून जोडावर सही करायची आणि तो देवासच्या लोखंडी कपाटात ठेवायचा. कपाटाची चावी माझ्याकडे. मी सचिवांकडून लेखी फर्मान काढवलं की धारच्या कुलपाची किल्ली लिफाफ्यात आली पाहिजे. किल्ली म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, ती नसेल तर बॅकअप म्हणजे नुसता कचरा. चार दिवसांत लिफाफा आला, जोडावर ठसठशीत सही. कपाटात ठेवण्याआधी मी तो ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. आत घडी घातलेला कागद होता, एवढंच दिसलं. कागद जाड असेल म्हटलं आणि ठेवून दिला.

उन्हाळाभर आमची खडाजंगी चालली. पेटी नव्वदीला टेकली आणि एका सकाळी देवासचाच बॅकअप जागेअभावी अर्धवट पडलेला दिसला, तेव्हा मी संतापून धारचे तीस दिवस सातावर आणले. त्याला आधी सांगितलंही नाही. त्याने निरोप पाठवला, "ताई, पूछ तो लेते." मी उत्तर दिलं नाही. त्याचे जुने, बिनकुलपाचे बॅकअप तर मुदत संपून केव्हाच पुसले गेले होते. आता पेटीत धारचं जे काही होतं ते सगळं कुलपात होतं, आणि तेही सातच दिवसांचं.

नवरात्र संपलं, देवीच्या टेकडीवरची गर्दी ओसरली, आणि त्या सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. धारच्या मशीनच्या दोन डिस्क एकदम गेल्या होत्या. नोंदवही गेली. मी मोठ्या आढ्यतेने म्हटलं, मग काय झालं, पेटीतून काढून घ्या, त्यासाठीच आहे ती. तो हळूच म्हणाला की किल्ली त्या मशीनवरच होती. तिची नक्कल रोज बॅकअपमध्ये जायची, पण बॅकअपला तेच कुलूप. ट्रंकेला कुलूप लावून चावी ट्रंकेत टाकावी, तसं करून बसला होता.

मी म्हटलं, लिफाफा आहे की.

"ताई," तो म्हणाला, "त्या लिफाफ्यात काही नाही."

तरी मी कपाट उघडलं. सचिवांसमोर लिफाफा फाडला. आत चौघडी घातलेला कोरा कागद. दोन्ही बाजूंनी कोरा. सचिवांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि टेबलावर आपटला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोरा कागद? का, तर मी लिफाफे उघडून वाचते असं त्याला वाटत होतं! आणि हे मनात येतं न येतं तोच मला ट्यूबलाइट आठवली. उघडला नव्हता मी, पण त्याचा अंदाज फार चुकलाही नव्हता.

सचिव म्हणाले, या माणसाला घरी बसवायचं. त्यांनी पत्राचा मसुदा करायला घेतला. मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. खरं सांगते, पहिल्यांदा बरं वाटलं. आठ महिने मी हेच म्हणत होते. माणूस जाईल, कुलूप जाईल, पेटी मोकळी होईल. मग मला सरावाचं मशीन आठवलं, आणि ते बरं वाटणं गेलं.

थंडीत उघडलेली प्रत तिथे असणार होती. कुलपाच्या आधीची. पण ती बाहेर काढायची तर कबूल करायला लागणार की परवानगी न घेता मी धारचा बॅकअप उघडला, आजारी पोरांची माहिती तासभर वाचली आणि सगळ्यांच्या मशीनवर तशीच सोडून दिली. पत्राच्या मसुद्यात मग त्याच्याऐवजी माझं नाव. मला भीती वाटली. घरचं कर्ज नाही, काही नाही, तरी या वयात चोरटी म्हणून बाहेर पडायचं हे मला नको होतं. आणि मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. पूर्ण सोमवार गप्प बसले. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी लवकर जाऊन ते मशीन लावलं. प्रत होती. मी सहज एक नोंद उघडली, नऊ वर्षांच्या मुलाची. डॉक्टरबाईंनी खाली लिहिलं होतं की याची गोळी वाढवू नये, मागच्या वेळी वाढवल्यावर पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. उद्या बुधवार. उद्या हा मुलगा त्यांच्यासमोर येऊन बसणार आणि त्यांच्या पुढ्यात हे वाक्य नसणार. मी आणखी नोंदी उघडल्या नाहीत. प्रत एका डिस्कवर घेतली, सचिवांच्या टेबलापाशी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मसुदा बाजूला सारला. म्हणाले, आधी धारला जा, मग बघू. नेटवरून पाठवता आली असती, पण धारची लाइन मंद, आणि ती मुलं पुन्हा कुठल्या सामाईक वाटेवर सोडायची मला हिंमत झाली नाही. इंदूरला बस बदलली. पर्स पोटाशी धरून बसले होते, शेजारची बाई सरकून बसली.

धारला दुपारी पोचले. भिया नवीन मशीन मांडून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याला वाटलं मी चौकशीला आले आहे, म्हणून तो उठून उभा राहिला. मी डिस्क त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, यात तुमची नोंदवही आहे, माघ महिन्यापर्यंतची. पुढचं शिबिरांच्या कागदी चिठ्ठ्यांवरून चढवता येईल. त्याने डिस्क जोडली. दोन तास लागले. मुलांची यादी पडद्यावर आली तेव्हा त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि रडला. डॉक्टरबाई शेजारच्या खोलीतून आल्या, यादी पाहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. तो हात मला सोसवला नाही.

मग त्याने विचारलं, ताई, हे तुमच्याकडे कधीपासून होतं? मी सांगितलं. ट्रकची बिलंही सांगितली. त्यावर तो थकल्यासारखा हसला. ट्रान्सपोर्टवाल्याचं काम तो करायचाच, पण रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर. मग त्याचं हसू थांबलं.

"ज्या मशीनवर तुम्ही हे उघडलं, त्यावर कोण कोण बसतं?"

"सगळेच," मी म्हटलं.

त्याने खिशातून फोन काढला. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. कुक्षीजवळच्या एका गावची मुलगी, अगदी पहिल्या शिबिरापासूनची, या वर्षी लग्नाची झाली होती. होळीच्या आधी तिची सोयरीक मोडली. मुलाकडच्यांच्या मोबाइलवर तिच्या अहवालाचा फोटो फिरला होता, कोणीतरी पडद्यावरून काढलेला. तिचा बाप तो फोटो घेऊन धारला आला होता आणि डॉक्टरबाईंसमोर खाली बसला होता. त्या दिवसापासून भियाने कुलूप घातलं. देवासला कोणीतरी वाचतं असं त्याला वाटत होतं, माझ्यावरही संशय होता, पण पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय वडीलधाऱ्या बाईला कसं विचारायचं, म्हणून तो गप्प राहिला आणि मला कोरा कागद पाठवला.

त्याने फोटो माझ्यापुढे धरला. तिरका काढलेला, त्या मुलीचं नाव मध्ये स्वच्छ दिसत होतं. पडद्याच्या खालच्या कडेला पिवळ्या पट्टीचा तुकडा आला होता, त्यावर निळ्या शाईची चार-पाच अक्षरं.

"आठ महिने ही पट्टी शोधतोय," तो म्हणाला. "धारच्या एकाही मशीनवर अशी पट्टी नाही. तुम्ही पाहिली आहे कुठे?"

त्याने माझं हस्ताक्षर कधी पाहिलेलं नव्हतं, आमचं सगळं टाइप करूनच चालायचं. मी नाही म्हटलं असतं तर त्या खोलीत कोणाला कळलं नसतं.

"पट्टी माझी आहे," मी म्हटलं. "अक्षरही माझंच."

तो चिडेल म्हणून मी वाट पाहिली. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्ची वळवून मशीनकडे फिरला, यादीत त्या मुलीचं नाव टाइप केलं आणि नोंद उघडली. म्हणाला, सोयरीक मोडल्यापासून ती गोळ्या न्यायला आली नाही, दोनदा माणूस पाठवला तर घरच्यांनी दार उघडलं नाही. मी पडद्यावर पाहिलं. माझी प्रत थंडीतली होती. तिच्यात त्या मुलीच्या नावापुढे दर महिन्याची हजेरी लागलेली होती, एकही महिना चुकलेला नव्हता.